८७ पटींनी लहान गिरगाव

दोस्तांनो, एक कोडं घाला पाहू स्वतःला. रेल्वेचं जुनं इंजिन आणि गिरगावातलं जुनं लाकडी घर, या दोघांत सारखं काय? उत्तर सुचलं नाही तरी हरकत नाही. आज आपण खोताच्या वाडीत जाणार आहोत. वाट चालता चालता उत्तर सापडेल.

चर्नी रोड स्टेशनवर पूर्वेच्या बाजूला उतरा. आता मेट्रोच्या तीन नंबरच्या मार्गावर गिरगावचं भुयारी स्टेशनही झालं आहे, तिथूनही येता येईल. विचारत विचारत जगन्नाथ शंकरशेट मार्गावर या. दोन्ही बाजूंना दुकानं, गर्दी, बस, हॉर्न! आणि मग अचानक एक अरुंद गल्ली आत वळते. दहा पावलं टाकली की रस्त्याचा गोंगाट मागे राहतो. समोर दिसतात दुमजली घरं. कुठे निळं, कुठे पिवळं, कुठे तांबडं. पुढे ओटी किंवा व्हरांडा, वर उतरतं कौलारू छप्पर, लाकडी कठडे, आणि वरच्या मजल्यावर जाणारा जिना चक्क घराच्या बाहेरून! मुंबईत आहोत की गोव्याच्या एखाद्या गावात, असा प्रश्न पडतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांच्या ताब्यात ही जमीन होती. त्यांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसई भागातले मूळचेच ख्रिस्ती लोक. त्यांची घरातली बोली मराठीचीच एक बहीण आहे, बरं का! तर या वाडीत एके काळी ६५ घरं होती असं सांगतात. आज जुनी घरं तिसांच्याही आत आली आहेत. लाकूड कुजतं, दुरुस्तीला पैसा लागतो, आणि एक घर पडलं की त्या जागी उंच इमारत उभी राहते. तिला बाहेरून जिना नसतो.

आता या घरांचा आणि रेल्वेचा संबंध काय? पहिला संबंध तर रस्त्याच्या पाटीवरच लिहिलेला आहे. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना शंकरशेट! मुंबईत आगगाडी यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांतले ते एक प्रमुख. १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी मिळून त्यासाठी मंडळी उभी केली. मग पत्रव्यवहार, कंपनी, परवानग्या, भांडवल. तब्बल आठ वर्षं गेली. शेवटी १६ एप्रिल १८५३ या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि गाडी ओढायला तीन इंजिनं. त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान.

म्हणजे नवीन इंजिन कधी येतंय याची वाट पाहणारा पहिला मुंबईकर याच गिरगावातला होता म्हणा ना! आणि गंमत अशी की, आजही जगभरात लाखो माणसं नव्या इंजिनाची अशीच डोळ्यांत तेल घालून वाट पाहत असतात. फक्त त्यांचं इंजिन तळहातावर मावतं. हे आहेत मॉडेल रेल्वेचे शौकीन.

मॉडेल रेल्वे म्हणजे चावीची खेळण्यातली गाडी नव्हे हं. ती खऱ्या गाडीची मापात केलेली प्रतिकृती असते. हे माप काय प्रकरण आहे ते तुम्हाला चटकन कळेल, कारण तुम्ही दिवाळीत किल्ला करता. किल्ल्यावर बाजारातून आणलेला मावळा उभा केला की काय होतं? मावळा महादरवाजापेक्षा उंच! बिचाऱ्याला आत शिरायचं तर गुडघ्यावर रांगावं लागेल. मॉडेल रेल्वेत असं चालत नाही. एकदा प्रमाण ठरलं की इंजिन, डबा, सिग्नल, झाड, माणूस, सगळं त्याच प्रमाणात.

सगळ्यांत लोकप्रिय प्रमाण आहे 'एचओ'. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्यापेक्षा ८७ पट लहान असते. १७ मीटर लांबीचं डिझेल इंजिन होतं सुमारे २० सेंटीमीटरचं, तुमच्या कंपासपेटीएवढं. आणि आपली बारा डब्यांची लोकल? खरी असते अडीचशे मीटरहून लांब. ८७ ने भागा. जवळजवळ तीन मीटर! म्हणजे गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ही लोकल ठेवली, तर दहा फुटांची अख्खी भिंत तीच खाऊन टाकेल. वळायला जागाच नाही. आता कळलं ना, मुंबईत या छंदाची खरी अडचण कोणती ते!

दुसरी अडचण रुळांची. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर असतं. ८७ ने भागलं की १६.५ मिलिमीटर, म्हणून एचओचे रूळ तेवढ्या अंतराचे. पण आपली ब्रॉडगेज रुंद! १,६७६ मिलिमीटर. भागा पाहू. उत्तर येतं १९ मिलिमीटरहून थोडं जास्त. पण तेवढ्या रुंदीचे तयार रूळ दुकानात सहज मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय इंजिनाचं मॉडेल केलं तरी बहुतेक वेळा ते १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर चालवतात. धिप्पाड माणसाने लहान भावाची चप्पल घालावी तसं! शौकीन हे जाणतात आणि खपवून घेतात.

मग नवीन इंजिन बाजारात येतं तरी कसं? जर्मनीत न्यूरेंबर्ग शहरात १९५० पासून खेळण्यांचं मोठं प्रदर्शन भरत आलं आहे. तिथे कंपन्या नवी मॉडेल्स मांडतात. इंग्लंडची हॉर्नबी कंपनी, जिची पहिली गाडी १९२० मध्ये आली, तीही बहुधा जानेवारीतच वर्षाची यादी जाहीर करते. त्याआधी शौकीन स्वतःच्या याद्या करतात. 'या वर्षी हे इंजिन काढाच!' म्हणून कंपन्यांना कळवतात. दहावीच्या निकालाआधी घरात असतं ना, तसं वातावरण!

पण कंपनी प्रत्येकाचं ऐकू शकत नाही. कारण आहे साचा. मॉडेलचं प्लास्टिकचं अंग ज्यात ओततात, तो पोलादी साचा फार बारकाईने करावा लागतो आणि भयंकर महाग पडतो. हजारो नग खपले तरच खर्च भरून निघतो. म्हणून कंपन्या एकाच साच्यातून काढलेलं इंजिन कधी हिरवं, कधी लाल, कधी निळं रंगवून पुन्हा पुन्हा विकतात. ज्या इंजिनावर पुष्कळ लोकांचं प्रेम, त्यालाच साचा मिळतो. ज्याला चाहते थोडे, ते राहून जातं.

याचं एक उदाहरण आपल्याच घाटातलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९१९ पासून डोंगरातल्या मार्गांसाठी एक विजेचं इंजिन केलं गेलं. मधे चौकोनी खोली आणि पुढे-मागे लांबलचक सोंडा. लोक त्याला 'मगर' म्हणू लागले. पुढे १९२८ पासून असंच इंजिन मुंबई-पुणे मार्गावर आलं. पहिली दहा इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावात झाली आणि उरलेली ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. १८५३ साली आपली पहिली गाडी ओढणारी इंजिनंही याच व्हल्कन फाउंड्रीतून आली होती! या नव्या इंजिनाची चाकं बाहेरून दांड्यांनी जोडलेली होती. चालकांनी त्याला नाव दिलं 'खेकडा'. बोरघाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा चढ आहे. तिथे खेकड्याने मालगाड्या ओढल्या. म्हातारपणी मुंबईच्या यार्डात डबे इकडून तिकडे लावले.

आता दोघांचं नशीब पाहा. मगरीचं मॉडेल जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १९३० च्या दशकात काढलं, आणि नंतर पुन्हा पुन्हा काढलं. अनेक देशांतल्या मुलांना ती ओळखता येते. खेकडा मात्र मोठ्या कंपन्यांच्या याद्यांत सहसा दिसत नाही. दोघांचं काम सारखं, रूप सारखं. पण एकाला साचा मिळाला, दुसऱ्याला नाही.

खेकड्याची आणखी एक गोष्ट ऐका. तो चालायचा १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. मुंबईच्या लोकलमार्गांवरची ही वीज टप्प्याटप्प्याने बदलत गेली. २०१६ पर्यंत सगळीकडे २५,००० व्होल्टची एसी वीज आली. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात खेकडा जपून ठेवलेला आहे. पण त्याला पुन्हा मुंबईच्या रुळांवर आणलं, तरी डोक्यावरच्या तारेत त्याची वीजच नाही! मॉडेलच्या रुळांत मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी डीसीच खेळते, फक्त १२ व्होल्टची. म्हणजे खेकडा आता धावला तर टेबलावरच धावणार.

आपल्याकडच्या शौकिनांची यादी विचाराल तर लांबलचक निघेल. खेकडा हवा. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन हवी, तिच्या त्या काळच्या इंजिनासह. नेरळ-माथेरानची झुकझुकगाडी हवी. पूर्वी अशी मॉडेल्स हवी असली, तर परदेशी इंजिन आणून त्याला कापून, घासून, रंगवून भारतीय करावं लागे. अलीकडच्या वर्षांत भारतीय इंजिनांची आणि डब्यांची एचओ मॉडेल्स काढणारे छोटे उत्पादक आपल्या देशातही पुढे आले आहेत. म्हणजे आशेला जागा आहे.

पण नुसती आशा करत न बसणारेही असतात. ते पाहायचे तर डेक्कन क्वीनने पुण्याला जा. खेकड्याचा बोरघाट वाटेतच लागेल. पुण्यात कोथरूडला 'जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज' आहे. भाऊ जोशी नावाच्या छांदिष्ट गृहस्थांनी ते उभं केलं. १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे एक अख्खं छोटं शहर आहे. गाड्या सुटतात, सिग्नल बदलतात, दिवसाची रात्र होते आणि दिवे लागतात. आधी एका माणसाचा छंद, मग सगळ्यांचं शहर!

आता परत खोताच्या वाडीत या. कारण इंजिनाला स्टेशन लागतं, स्टेशनला गाव लागतं. परदेशी कंपन्या कागदी आणि प्लास्टिकची घरं विकतात, पण ती जर्मनीतल्या खेड्यांतली किंवा इंग्लंडच्या गल्ल्यांतली. बाहेरून जिना असलेलं गिरगावचं घर त्यांच्या पेटीत कुठून मिळणार? ते आपल्यालाच करावं लागेल. आणि हे घर करायला पोलादी साचा नको. पुठ्ठा, पट्टी, कात्री आणि खळ पुरे.

हिशेब सोपा आहे. २ मीटरचं दार ८७ ने भागलं की २.३ सेंटीमीटर. ७ मीटर उंच घर होतं ८ सेंटीमीटरचं, म्हणजे चहाच्या ग्लासाएवढं. तुमची उंची दीड मीटर असेल, तर तुम्ही १७ मिलिमीटरचे! जिन्याच्या पायऱ्या मोजा, कठड्याची नक्षी वहीत काढा, कौलांच्या ओळी मोजा, रंग लिहून ठेवा. मात्र एक लक्षात ठेवा. ही प्रदर्शनातली नव्हे, माणसांची राहती घरं आहेत. कुणाच्या ओटीवर पाऊल ठेवायच्या आधी विचारा. आजी किंवा अंकल 'नको' म्हणाले, तर 'बरं' म्हणून गल्लीतूनच पाहा. 'ये' म्हणाले, तर मोजमापासोबत घराची गोष्टही ऐकायला मिळेल. तीही लिहून घ्या.

तर, कोड्याचं उत्तर मिळालं? साहिब, सिंध आणि सुलतान यांतलं एकही इंजिन आज उरलेलं नाही. वाडीतली निम्म्याहून जास्त घरंही गेली. इंजिन असो की घर, ते असताना कुणी तरी पट्टी लावून मोजलं तर नंतर त्याची प्रतिकृती करता येते. मोजलंच नाही, तर पुढे कितीही वाट पाहिली तरी नेमकं कसं होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

खोताच्या वाडीत आज उभी असलेली घरं अजून मोजता येतात. येत्या सुट्टीत वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन निघा. आणि हो, ८७ चा पाढा पाठ करून जा!