रिकाम्या खुर्चीचा खर्च

न्यायालयांची चर्चा निघाली म्हणजे न्यायाधीशांच्या अपुऱ्या संख्येबद्दल हळहळ व्यक्त होते. त्यांच्यासमोर राज्याची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकिलाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक फौजदारी खटला राज्य चालविते. ज्याच्यापाशी वकिलाच्या फीचे पैसे नाहीत, त्या फिर्यादीचा सारा भरवसा या एका माणसावर असतो.

सौंसर-पांढुर्ण्याच्या आम्हा मराठी कुटुंबांना या पदाचे मोल अधिकच जाणवते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरात मराठी राहिली, कोर्टकचेरीत हिंदी. साक्षीदार ठाण्यात मराठीत सांगतो, जबाब हिंदीत उतरतो. ‘चेष्टा’ हा एकच शब्द घ्या; मराठीत ती थट्टा, हिंदीत तोच प्रयत्न! पुढे पेशीच्या दिवशी बचावाचे वकील त्याच जबाबावर बोट ठेवून साक्षीदाराला खोटे पाडू पाहतात. साक्षीपूर्वी त्याला जबाब समजावून देणे आणि त्याच्या शब्दाचा खरा अर्थ न्यायालयाच्या ध्यानी आणून देणे, यासाठी सरकारी वकिलाला निदान अर्धा तास हवा. एकाच माणसाच्या हाती एकाच सकाळी दोन न्यायालयांच्या फायली असतील, तर तो अर्धा तास यावा कोठून? तारीख पुढे जाते, आणि संत्र्याच्या तोड्यावरची मजुरी बुडवून आलेला साक्षीदार पुढच्या वेळी येईलच असे नाही.

अभियोजन पोलिसांपासून वेगळे असावे, असे विधी आयोगाने 1958 मध्येच सुचविले होते. 1973 च्या दंड प्रक्रिया संहितेने ते तत्त्व स्वीकारले. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या प्रकरणात त्याचा पुनरुच्चार केला. तरीही कायद्यात एक मागचे दार राहिले आहे. सहायक सरकारी वकील उपलब्ध नसेल, तर जिल्हा दंडाधिकारी त्या खटल्यापुरता दुसरा माणूस नेमू शकतात. तपासात भाग न घेतलेला पोलीस निरीक्षकही त्यात बसतो. म्हणजे जे तत्त्व मिळवायला एवढी वर्षे लागली, ते केवळ जागा न भरल्याने हातचे जाऊ शकते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत प्रत्येक जिल्ह्यासाठी अभियोजन संचालनालयाची तरतूद आहे. अधिकारी किती असावेत, हे मात्र राज्य सरकारला ‘योग्य वाटेल’ त्यावर सोडले आहे. 2023 मध्ये आमच्या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा फटाके वाजले. जिल्ह्याच्या मागणीत आम्ही रस्ते, रुग्णालये, महाविद्यालये मोजतो. त्या यादीत सरकारी वकिलांची पदे, त्यांचे कारकून आणि मराठी जाणणारा दुभाषा यांचीही मोजणी व्हावी. पद रिक्त ठेवल्याने अंदाजपत्रकात बचत दिसते खरी. पण पुराव्याअभावी सुटलेल्या खटल्याचा खर्च फिर्यादीच्या घरावर पडतो, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिला जात नाही.