जांभळी ज्योत

हुमनाबाद तालुक्यातलं दुबलगुंडी हे आमचं गाव. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि प्रार्थनेत दोन्हींची सरमिसळ. मी नववीत असताना सरांनी सांगितलं, "निसर्गातल्या वस्तूतून मूलद्रव्य शोधायचंय. घरून काहीतरी घेऊन या." कुणी अंड्याची टरफलं आणली, कुणी जांभा दगडाचा लाल चुरा. मी आजीकडे गेलो.

आजीची चूल तुराट्यांवर चालायची. त्या राखेनं ती भांडी घासायची. राख पुडीत बांधून देताना म्हणाली, "काय निघालं ते मला येऊन सांग बरं का."

राख पाण्यात उकळली, गाळली, पाणी आटवलं. वाटीच्या तळाला मळकट पांढरी खपली उरली. लिंबू पिळलं तर फसफसली. लाल लिटमस निळा झाला. हे पोटॅशियम कार्बोनेट. पोटॅश म्हणजे भांड्यातली राख, आणि पोटॅशियमला नाव मिळालं ते त्यावरूनच. त्याचं 'के' हे चिन्ह ज्या कॅलियम शब्दावरून आलं, त्याचं मूळही अरबीत वनस्पतीच्या राखेपाशीच जातं. (साहित्याच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्रातलं एवढंच लक्षात राहतं!)

शेवटची कसोटी ज्योतीची. पोटॅशियम असेल तर ज्योत फिकट जांभळी होते. आमची पिवळीधमक झाली. पुन्हा केलं, पुन्हा पिवळी. तास संपत आला होता. सर म्हणाले, "जांभळी लिही." मी लिहिली. दहापैकी नऊ मार्क पडले.

संध्याकाळी आजीनं विचारलं. मी म्हणालो, "जांभळा जाळ निघाला, आजी." ती हरखली. राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राख लावतात, ती आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. त्यातही तसलाच रंग असेल का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणून टाकलं. पुढं ती आल्यागेल्याला सांगायची, आमच्या पोरानं राखेतून जांभळा जाळ काढला. मी तिथून उठून जायचो.

मागच्या वर्षी आजी गेली. आता घरात गॅस आहे. चूल पेटते ती आंघोळीच्या पाण्यापुरती. यंदा सुट्टीवरून येताना तिथली थोडी राख मी बाटलीत भरून आणली आणि रसायनशास्त्राच्या एका मित्राला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, सोडियम जरासं असलं तरी त्याचा पिवळा रंग जांभळ्याला झाकून टाकतो. मग त्यानं निळी कोबाल्ट काच दिली. ती पिवळा उजेड अडवते.

काच डोळ्यांसमोर धरली. क्षणभर जांभळट-लालसर काहीतरी लवलवलं. पुन्हा तार बुडवली, पुन्हा दिसलं. म्हणजे त्या दिवशीही ते तिथं होतंच. मी मात्र न बघता लिहिलं होतं.

"पण हे काही मूलद्रव्य मिळवणं नव्हे," मित्र म्हणाला. ही नुसती खूण. शुद्ध पोटॅशियम 1807 साली हंफ्री डेव्हीनं वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून काढलं. आपण खपलीच्या पाण्यात बॅटरीच्या तारा सोडल्या तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच मिळणार.

जर्नल अजून गावी ट्रंकेत आहे. ते पान खोडावं असं खूपदा वाटायचं, आता तेही कळेनासं झालंय. बाटलीत अर्धी राख शिल्लक आहे. पुढच्या सुट्टीत मित्राकडून काच मागून नेणार आहे, आईला दाखवायला.