ठासणीची बंदूक

आमच्या दोडामार्गाकडे भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत कुणगा लोळवून जातात. राखणीला घरात बंदूक एकच, ठासणीची. परवाना शेतरक्षणाचा, आधी आजोबांच्या, मग वडलांच्या, आता माझ्या नावावर.

गेल्या साली अर्धं भात गेलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, ह्येच्यात दारू भरून ठासीसर डुकर पल्याडच्या वाडीत पोचता. तीनशे पंधराची रायफल घेवया. बोल्ट ओढलो की दुसरी गोळी तयार."

त्याचं खोटं नव्हतं. आधी काळी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं, वर टोपी बसवायची. दारू सर्दली की नुसता खटका वाजतो. रायफलीत मात्र पाच गोळ्या.

पण ती गोळी लांब जाते. अंधारात हललं ते डुक्कर, की राखणीला आलेला शेजारी, कोण सांगणार? शिवाय १९७२च्या कायद्यापासून वनखात्याच्या परवानगीवाचून डुक्कर मारता येत नाही. म्हणजे मला हवा तो आवाज. छर्‍यांशिवाय बार काढला तरी डोंगर घुमतो, डुकरं माघारी फिरतात. त्याला पाच गोळ्या कशाला?

मुलाला म्हटलं, "रायफलीचे पैशे सौरकुंपणाक घालूया."

तो गप्प राहिला. मग मी शेवटचं सांगितलं. विधानसभेची निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा म्हणतात, आणि ती येते नेमकी भात पिकताना. रायफल घेतली तर तीही जमा. कुंपण कोणी जमा करून घेत नाही.

तेव्हा कुठे तो हसला.