माझा दादा

गेल्या पावसाळ्यात माझा दादा मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हते. मेंदूला डाव्या बाजूस मार लागला, म्हणून उजवा हात हलेना आणि शब्द आठवेनात.

घरी आणल्यावर त्याने मला ‘आई’ अशी हाक मारली. मला रडूच आले. डॉक्टरांनी सांगितले होते, "एका वेळी एकानेच बोला. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. थांबा."

शाळा सुटली की मी त्याच्यापुढे पेला, चमचा, कंगवा ठेवते. थकला की तो पेला भिरकावतो. आई म्हणते, "दादा नाही गं, त्याचं दुखणं चिडतंय."

काल मी गप्प बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "कं… कंगवा." मग माझ्या विस्कटलेल्या केसांकडे बघून हसला.

आता मला थांबता येते.

— इयत्ता ६ वी