कपाटातली सरस्वती

चिनी मातीच्या भांड्याला मराठीत पिंगाण म्हणतात, कन्नडमध्ये पिंगाणी. आपल्या सीमाभागातल्या घरांत हे दोन्ही शब्द एकाच फडताळावर नांदतात. त्याच फडताळात कधी कधी एखादी पिंगाणी मूर्तीही दिसते.

या मूर्तींची गोष्ट इंग्लंडमध्ये सुरू होते. संगमरवरी पुतळा श्रीमंतांच्या महालात शोभायचा, मध्यमवर्गाला तो परवडायचा नाही. १८४०च्या दशकात तिथल्या कारखानदारांनी झिलई न देता संगमरवरासारखी दिसणारी चिनी माती तयार केली. ग्रीसमधल्या पेरोस बेटाच्या संगमरवरावरून तिला ‘पेरियन’ म्हणू लागले. मोठ्या पुतळ्याची हुबेहूब लहान प्रत काढणाऱ्या यंत्राचे पेटंट चेव्हर्टनने १८४४ साली घेतले. मग प्लास्टरच्या साच्यांत पातळ माती ओतायची, हात, डोके, धड वेगवेगळे काढून जोडायचे आणि भाजायचे. भट्टीत मूर्ती आकसायची, तेही हिशेबात धरावे लागे. अशा रीतीने प्रसिद्ध शिल्पे साध्या दिवाणखान्यांत पोहोचली.

आपल्याकडे हेच काम आधी चित्रांनी केले. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. पुढे त्याच चित्रांवरून जर्मन कारखान्यांनी पिंगाणी मूर्ती घडवून इकडे पाठवल्या.

आमच्या आज्जीच्या निपाणीच्या घरात अशीच एक वीतभर सरस्वती होती. वीणेची एक खुंटी उडालेली. आज्जीने तिला देवघरात कधी ठेवले नाही आणि खेळायलाही कुणाला दिले नाही. “ती बघायची,” एवढंच म्हणायची.

घर विकायचे ठरले तेव्हा दादाने ती जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवली. भावही बरा आला. “चित्राची छापील नक्कल, तिची ही मातीची नक्कल. ठेवून काय करायचं?” दादाचा हिशेब चुकीचा नव्हता. पण प्रत्येक नकलेबरोबर मूर्ती मूळ चित्रापासून लांब गेली, तशी आमच्या घराच्या जवळ आली. दर दिवाळीला आज्जी जिला ओल्या फडक्याने पुसायची, ती हीच. तिची दुसरी प्रत कुठून आणायची?

वहिनी मैसूरकडच्या. त्या म्हणाल्या, “अहो, आमच्यात दसऱ्याला पायऱ्यांवर गोंबे मांडतात. हिला विकायचं कसं?” व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवले.

गेल्या दसऱ्यात सरस्वती बेळगावात वहिनींच्या पायऱ्यांवर बसली. आज्जीच्या कपाटाला कुलूप असायचे, इथे नाही. पुसताना वीणेला धरू नको, एवढे मात्र पुतणीला बजावून ठेवले आहे.