धुळीतलं नाणं

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हरवण्याच्या तीन गोष्टी आहेत. प्रवचनांत भाव खाऊन जातो तो तिसरीतला उधळ्या पुत्र. घर सोडून, वाटणीचा पैसा उधळून शेवटी डुकरं राखताना त्याने बापापुढे म्हणायचं सगळं घोकून ठेवलेलं असतं: पाप केलं, मुलगा म्हणवायच्या लायकीचा उरलो नाही, आता मजुरासारखं ठेव. घरी आल्यावर पाप आणि नालायकी कबूल करून होते; मजुरीची विनंती मात्र ओठांतच राहते, कारण तोवर बापाने झगा, अंगठी, जोडे मागवलेले असतात. ख्रिस्ती कृपेचं मर्म मला त्या राहून गेलेल्या विनंतीत दिसतं. आधी राबून लायकी दाखव, मग घरात ये, ही अट बाप ऐकूनसुद्धा घेत नाही.

सोलापुरात मात्र ही गोष्ट जपून सांगावी लागते. इथला 'सेटलमेंट'चा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि कैकाडी, पारधी, भामटे अशा जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. त्यांना इथल्या वसाहतीत, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये, ठेवलं गेलं: तारेचं कुंपण, रोजची हजेरी, गिरणीतलं काम. या वसाहतीच्या कारभारात अमेरिकन मराठी मिशननेही भाग घेतला. मुलांसाठी शाळा निघाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याचा गुन्हा म्हणजे त्याचा जन्म, त्याने पश्चात्ताप कशाचा करायचा? तो घर सोडून कुठे गेलाच नव्हता. त्याला उधळ्या पुत्र म्हणणं म्हणजे सरकारी शिक्क्यावर देवाची सही घेणं.

म्हणून मला मधली गोष्ट जवळची वाटते. एका बाईच्या दहा नाण्यांपैकी एक हरवतं. पहिल्या गोष्टीतलं मेंढरू भरकटतं, तिसरीतला मुलगा पाय काढतो; नाणं बिचारं काय करणार? ते घरातच पडलेलं असतं, धुळीत, आणि त्याचं मोल तसूभरही घटलेलं नसतं. दिवा लावायचा, केर काढायचा, कोपरे धुंडाळायचे, हे सगळं बाईच्या अंगावर. येशू या गोष्टीचा शेवटही पश्चात्तापाशीच नेतो, हा आक्षेप रास्त आहे. पण तो ऐकवतो कुणाला? पापी माणसांच्या पंगतीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या कर्मठ परूश्यांना. पश्चात्तापाची पाळी त्यांच्यावरही येतेच.

मग खऱ्या चोराचं काय? त्यालाही फुकट माफी मिळाली, तर सरळ चालणाऱ्याने काय मिळवलं? उधळ्या पुत्राच्या, घरीच राबत राहिलेल्या थोरल्या भावाची तक्रार हीच आहे आणि ती खोटी नाही. बाप त्याच्यावर डाफरत नाही. मेजवानी सोडून त्याची समजूत घालायला बाहेर येतो. म्हणजे कृपा त्याच्याही वाट्याची आहे, फक्त धाकट्याला वगळून नाही. देशभरातून गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, संशय मात्र मागे उरला. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे लूकही सांगत नाही.