इंग्रजी शिकणाऱ्याच्या शंका

इंग्रजी शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याच्या मनांत अनेक शंका उद्भवतात. परंतु वर्गांत हंशा पिकेल या भीतीनें त्यांतील बहुतेक तो ओठांबाहेर काढीत नाहीं. आमच्या धाराशिव जिल्ह्यास परभाषेचें ओझें नवें नव्हे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षण उर्दूंतून होई आणि इंग्रजीही आवश्यक असे. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास उच्च शिक्षणासाठीं अशा दोन परक्या पायऱ्या चढाव्या लागत.

मला मात्र अध्यापन करतांना असें आढळून आलें आहे कीं, या शंका अडाणीपणाच्या नसतात. 'मला दोन भाऊ आहेत' आणि 'माझ्याजवळ दोन रुपये आहेत' या दोहोंस इंग्रजींत एकच 'हॅव' कां, असें एका मुलानें विचारलें. भाऊ ही जवळ बाळगण्याची वस्तु नव्हे, हा आपल्या भाषेंतील विवेक त्या प्रश्नामुळेंच माझ्या प्रथम ध्यानांत आला. 'आम्ही जातों' आणि 'आपण जाऊं' यांतील भेदही 'वुई' या शब्दांत लोपतो.

'अ' आणि 'द' यांविषयींची तक्रार तर नित्याचीच. परंतु 'एक राजा होता' असा आरंभ करून पुढें नुसतें 'राजा म्हणाला' असें सांगणाऱ्या मुलास त्यांचें मर्म अर्धेंअधिक ठाऊकच असतें! इंग्रजांच्या पावसांत कुत्रीं-मांजरें कोठून आलीं, असें विचारणाऱ्यानें आपल्या पावसांत मुसळ कोठून आलें, हेंही पाहावें. वाक्प्रचार शब्दशः उचलूं नये. तो कोणत्या प्रसंगीं योजतात, तें लक्षांत ठेवावें. उलट, 'तूं वडिलांचा कितवा मुलगा?' याचें भाषांतर करतांना भलेभले अडखळतात. कारण 'कितवा' यास इंग्रजींत एका शब्दाचा प्रतिशब्द नाहीं.

मोल्सवर्थ साहेब आणि कँडी बंधु यांनीं पंडितांच्या साहाय्यानें मराठी शब्दांचे अर्थ शोधले, आणि १८३१ सालीं त्यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. परक्यांच्या जिज्ञासेंतून जर आपल्या भाषेचा कोश निर्माण होतो, तर आपल्याच मुलाची जिज्ञासा उपहासास पात्र कां व्हावी?

विद्यार्थिमित्रहो, शंका आली तर उभे राहून अवश्य विचारा. आणि दुसऱ्यानें विचारली तर हंसूं नका. त्या एका प्रश्नांत दोन भाषांचें ज्ञान दडलेलें असतें.